कागदी बैलाचं वशिंड

आमच्या घरात चार वर्षं देव नव्हते. हे वाक्य लिहिताना अजूनही मला इकडंतिकडं पाहावंसं वाटतं, कारण आईच्या कानावर गेलं तर ती म्हणेल, "नव्हते असं नको लिहू. ठरायचे होते, असं लिही." तर ठरायचे होते. झालं असं की आजोबा गेल्यावर वाटणी झाली आणि रीतीप्रमाणे देव थोरल्या भावाकडं, म्हणजे माझ्या मोठ्या काकांकडं, उमरेडला गेले. बाबांच्या वाट्याला गोळीबार चौकामागच्या गल्लीतलं दोन खोल्यांचं घर, एक हातमाग, एक पितळी घंगाळ आणि भिंतीतला एक रिकामा कोनाडा आला. दुसरी कुठली बाई असती तर तिनं आठ दिवसांत बाजारातून तसबीर आणून तो कोनाडा भरून टाकला असता. आई म्हणाली, "आपल्या वाट्याला देव आलेच नाहीत, तर आता नीट पाहून आणू." भेंडी घ्यायची तरी ती चार ठेल्यांवर शेंडे मोडून पाहायची. देवाच्या बाबतीत ती घाई करेल असं मानायला काही कारण नव्हतं.

आई सातवी पास होती आणि तिला मास्तरीण व्हायचं होतं. त्याऐवजी तिचं लग्न झालं. पण शिकवण्याची हौस काही लग्नानं गेली नाही, ती फक्त वाट पाहत बसली, आणि मी पहिलीत असताना मला कावीळ झाली तेव्हा तिला संधी मिळाली. डॉक्टर म्हणाले, तीन महिने घरी ठेवा. आईनं तीन महिने शिकवलं आणि चौथ्या महिन्यात मला परत पाठवलंच नाही. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी असलेल्या ताईलाही तिनं शाळेतून काढून घरी बसवलं आणि असं तयार केलं की पाचवीला ती मुलींच्या मोठ्या शाळेत गेली तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं, "कोणत्या शाळेतून आली गं?" ताई म्हणाली, "मागाच्या खोलीतून." आमच्या गल्लीतल्या शाळेचे मुख्याध्यापक भले गृहस्थ होते. फक्त परीक्षेला आणून बसवा, एवढंच त्यांचं म्हणणं. ताई गेल्यावर आईच्या शाळेत मी एकटा विद्यार्थी उरलो. तरी आई रोज हजेरी घ्यायची. घंगाळावर लाटणं आपटून घंटा व्हायची, आई पदर खोचून उभी राहायची आणि म्हणायची, "पद्माकर?" मी समोर दोन हातांच्या अंतरावर बसलेला असायचो. तरी "हजर" म्हणावंच लागायचं. एकदा मी गंमत म्हणून उत्तर दिलं नाही, तर तिनं खरंच गैरहजेरी लावली आणि दुसऱ्या दिवशी पालकांची चिठ्ठी मागितली. चिठ्ठी बाबांनी लिहून दिली. त्यात कारण होतं, 'पोरगा येडा हाय.'

शाळा चालू असली की आई पुस्तकातली मराठी बोलायची. "बाळा, हे उदाहरण पुन्हा करून पाहा बरं." शाळा सुटली की, "काहून रे, पाय धुतल्याबिगर आत येऊन राहिला का?" त्यामुळं ती कोणत्या भाषेत बोलते आहे यावरून आपण विद्यार्थी आहोत की पोरगा, हे मला कळायचं. सगळ्यात वाईट म्हणजे वाक्य एका भाषेत सुरू होऊन दुसरीत संपणं. तेव्हा पळावं.

शाळा भरायची ती बाबांच्या मागाशेजारी. बाबा दिवसभर लुगडी विणायचे आणि मागाचा खटक-खटक, खटक-खटक आवाज घरात असा मुरला होता की तो थांबला तर आम्ही दचकायचो. पाढे आईनं त्याच ठेक्यावर पाठ करून घेतले. सतरा एके, खटक, सतरा, खटक. मध्येच धागा तुटला की बाबा माग थांबवायचे, आणि माझा पाढाही सतरा चोक अडुसष्टवर लोंबकळत राहायचा. बाबा गाठ मारायचे आणि मान न वळवता म्हणायचे, "हं, पद्या, चाल पुढं." आजही सतराचा पाढा म्हणायचा झाला तर माझा उजवा पाय खाली काहीतरी दाबत राहतो. कचेरीत लोकांना वाटायचं याला काही दुखणं आहे.

आमच्या घरात काही फेकलं जात नसे. दोडक्याच्या शिरांची चटणी व्हायची, भिवापूरच्या मिरच्यांची देठं चुलीशेजारी डब्यात जमायची, आणि ती कशासाठी हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. काटोलचे मामा संत्री घेऊन आले की आम्ही फोडी खायचो आणि आई सालींकडं पाहत बसायची. साली वाळवून त्यांचं उटणं व्हायचं, त्यातल्या जाड सालींची ती फुलं कापायची, आणि वर्षभर आमच्या दारावर संत्र्याच्या सालींचं तोरण असायचं, त्याला मुंग्या लागायच्या. मागावरच्या तुटक्या धाग्यांच्या बाहुल्या व्हायच्या. आणि वह्या! दुकानातून आणलेली कोरी वही मी पाचवीत पहिल्यांदा हातात घेतली. तोपर्यंत आमच्या वह्या म्हणजे पाठकोऱ्या कागदांची थप्पी, मधोमध दाभणानं शिवलेली. एका बाजूला माझा भागाकार, उलटलं की कुणाचा तरी शुभविवाह. कॅलेंडरची पानं, लग्नपत्रिका, औषधाच्या जाहिराती, सगळं आई सारख्या मापात कापायची. ताईच्या भूगोलाच्या वहीत महाराष्ट्राच्या नद्यांच्या मागं 'आपल्या आगमनाची प्रतीक्षा करणारे' अशी बावीस माणसं होती.

अशाच एका वहीत आईचा देवाचा अभ्यास होता. मुखपृष्ठाच्या पुठ्ठ्यावर तिनं पट्टीनं दोन रेघा मारून मध्ये लिहिलं होतं, 'देव'. दर गुरुवारी दुपारी आमच्या शाळेत सामान्यज्ञानाचा तास असायचा, म्हणजे आई मला बोटाला धरून चार ठिकाणांपैकी एका ठिकाणी घेऊन जायची. गल्लीच्या टोकाला विठ्ठलाचं देऊळ होतं, तिथले पुजारीबुवा. बाजारापलीकडच्या चर्चचे फादर. मशिदीतले मौलवीसाहेब. आणि विहारातले भंतेजी. आई प्रत्येकाला नमस्कार करून एक प्रश्न विचारायची, उत्तर ऐकायची, घरी येऊन लिहायची आणि उत्तराला दहापैकी गुण द्यायची. "देवाला नाही हं," ती मला बजावायची, "उत्तराला." प्रश्न तिचे स्वतःचे असायचे. देवाला गर्दी आवडते की त्रास होतो? स्वर्गात काम असतं का, नसेल तर दिवस कसा जातो? मनात मराठीत म्हटलेलं त्याला कळतं, मग नागपुरीत म्हटलेलंही कळतं का? एक प्रश्न मला फार आवडायचा, कारण तो विणकराच्या बायकोलाच पडला असता: देवानं जग विणलं असेल, तर पहिला धागा त्यानं कशाला बांधला?

या प्रश्नावर पुजारीबुवा म्हणाले, "बाई, तुमी प्रसाद घ्या." शेरा: 'प्रश्न टाळला. प्रसाद चांगला.' गुण चार. फादर अर्धा तास बोलले. शेरा: 'उत्तर सविस्तर, पण धागा राहून गेला.' सहा. मौलवीसाहेब आकाशाकडं बोट करून म्हणाले, "ये तो वही जाने, बहनजी." हे उत्तर आहे की उत्तर नाही, यावर आईनं दोन दिवस विचार केला, बाबांनाही विचारलं. बाबा म्हणाले, "त्याईनं माहीत नाही म्हनलं ना? मंग खरं बोलले. नऊ दे." भंतेजी म्हणाले, "हा प्रश्न सोडून द्या." आईनं रागानं तीन दिले, आणि महिन्याभरानं खोडून आठ केले. खोडलेलं मी पाहिलं होतं. या माणसाचे गुण वाढले, हे मला तेव्हा अन्यायाचं वाटलं होतं, कारण माझे भागाकाराचे गुण ती कधीच वाढवत नसे.

आता आई ऐंशीच्या पुढं आहे. काटोलला ताईकडं असते. डोळ्यांनी फारसं दिसत नाही, म्हणून मी लिहितो ती प्रकरणं ताई तिला वाचून दाखवते, आणि दुसऱ्या दिवशी फोनवर मला गुण कळतात. मागच्या प्रकरणाला सात मिळाले. "कावीळ दोनदा आली आहे. बाकी ठीक."

चार वर्षांत वही भरत आली. शेवटी बाबाच कंटाळले. "अवं, किती तपासणी करून राहिली देवाची? लोकं हासतेत. कोनाड्यात मांजर व्याली माहीत हाय का तुले?" आईनं शब्द दिला की दसऱ्याला कोनाडा रिकामा राहणार नाही. पोळा झाला की ती सगळी वही पहिल्यापासून वाचणार होती, बेरजा करणार होती, शेरे पाहणार होती आणि मग ठरवणार होती. हे मला चांगलं माहीत होतं. हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मोठ्यांच्या पोळ्यात खरे बैल, आमच्या तान्ह्या पोळ्यात लाकडाचे, खाली चाकं. पोरं नटूनथटून आपापले बैल ओढत मैदानात आणतात, चांगल्या बैलाला बक्षीस मिळतं, मग घरोघरी फिरून खाऊ आणि चिल्लर गोळा करायची. त्याला बोजारा म्हणतात. शेजारच्या दिलीपचा बैल शिसवी होता, शिंगांना पितळी टोपणं होती. माझ्याकडं बैलच नव्हता. मी आईकडं मागितला तेव्हा ती म्हणाली, "विकत काय आणायचा? आपण कागदाचा करू. त्यात हस्तकलेचाही तास होईल."

आणि खरं सांगतो, असा बैल मी नंतर पाहिला नाही. घरातला सगळा पाठकोरा कागद आईनं दोन दिवस भिजवला, उखळात कुटला. बाबा ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, लावायची तांदळाची खळ शिजवायचे, त्यातली तपेलीभर मिसळली. बांबूच्या कमच्यांचा सांगाडा केला, त्यावर लगदा थापला आणि बैल टिनाच्या छपरावर उन्हात वाळत ठेवला. सुताच्या रिकाम्या कांड्यांची चाकं. डोळ्यांना चिंचोके. आईनं त्याला इतकं समजूतदार तोंड दिलं होतं की तो बैल आपल्याला काहीतरी सल्ला देईल असं वाटायचं. फक्त शेवटी कागद संपला आणि वशिंड राहिलं.

"राहू दे," आई म्हणाली. "पाठीवर झूल टाकू. दिसायचं नाही."

बाबांनी मागावरून मान वळवली. "वशिंड नाही त थो बैल कसा? म्हैस हाय थे."

हे दिलीपनं खिडकीतून ऐकलं. पाचच मिनिटांत गल्लीत पोरं ओरडायला लागली, "पद्याची म्हैस! पद्याची म्हैस!" दिलीप दारात येऊन म्हणाला, "काहून बे पद्या, उद्या दूध काढून आणू का मैदानात?"

त्या दिवशी पोळा होता. दुपारी आई पुरण वाटायला शेजारी गेली, बाबा तोरणाखालचे बैल पाहायला गेले, ताई मैत्रिणीकडं. माग थांबलेला, घर गप्प. मी घरभर कागद शोधला. आमच्यासारख्या घरात बेवारशी कागद सापडणं अशक्य होतं, त्यातून परवाच सगळा कुटून झाला होता. मग फळीवर ठेवलेली देवाची वही मी खाली काढली. सुरुवातीला मी शेवटची दोन कोरी पानंच फाडली. ती भिजवून पाहिली तर लिंबाएवढा गोळा झाला. लिंबाएवढं वशिंड वासराचंही नसतं. मग मी आणखी चार पानं फाडली. नंतर असं वाटलं की एवढी फाडलीच आहेत तर... या 'तर'च्या पुढं काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी आयुष्यात पुढं जी काही चुकीची कामं केली ती सगळी याच 'तर'च्या पुढं केली. शेवटी पुठ्ठा उरला. त्यावरचं 'देव' मी वाचलं आणि पुठ्ठा चुलीत घातला.

खळ संपली होती. म्हणून मी भाताची पेज घेतली, ती पातळ वाटली म्हणून तिच्यात गूळ विरघळवला. गूळ चिकट असतो हे विज्ञान मला आईनंच शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वशिंड वरून वाळलं, आतून ओलंच होतं. मी त्याला हळद-कुंकू फासलं. आईनं विचारलं, "कागद कुठून आणलास?" मी म्हणालो, "रद्दी सापडली." ती इतकी खूश झाली की तिनं बाबांना सांगितलं, "पाहा, पोराला टाकाऊतून टिकाऊ जमायला लागलं."

मैदानात चाळीसेक बैल होते. परीक्षक म्हणून निवृत्त पोस्टमास्तरकाका आले होते. ते प्रत्येक बैलासमोर वाकून, चष्मा वर करून पाहायचे, जणू पत्ता अपुरा आहे. दिलीपच्या बैलापाशी त्यांनी "छान" म्हटलं. माझ्यापाशी आले आणि थांबले.

"हा कशाचा रे बाबू?"

"कागदाचा."

"कागदाचा? अन् वशिंडही कागदाचं?" त्यांनी बोटानं दाबून पाहिलं. "थोडं नरम लागून राहिलं. पण काय तोंड हाय याचं! हा बैल बोलन असं वाटते."

मला आठवतं, दिलीपचा चेहरा पडला होता आणि मला फार बरं वाटलं होतं. त्याच वेळी मागून एक गाय आली. गल्लीतलीच होती, पांढरी, एक शिंग वाकडं. पोळ्याच्या दिवशी तिच्याकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, सगळं कौतुक बैलांचं झालं होतं. तिनं चाळीस बैल हुंगले नाहीत. सरळ माझ्या बैलापाशी आली, मान वाकवली आणि वशिंड तोंडात घेतलं.

"अरे हाकला तिले!" पोस्टमास्तरकाका ओरडले आणि स्वतः मागं सरकले. पोरं टाळ्या पिटायला लागली. मी दोरी ओढली, गाईनं वशिंड ओढलं, आणि मध्ये तो समजूतदार चेहऱ्याचा बैल हवेत लोंबायला लागला. "पद्याची म्हैस गाईनं खाल्ली!" दिलीप जमिनीवर लोळून हसत होता. आई बायकांच्या घोळक्यातून धावत आली, तिनं गाईच्या तोंडावर चापट मारली, आणि गाईनं बैल सोडला, वशिंड सोडलं नाही. ओठांच्या कडेला कागदाचा एक ओला लगदा लोंबत होता. त्यातला एक तुकडा नीट कुटला गेला नव्हता, कारण मी घाईत होतो. आईनं तो ओढून घेतला आणि पाहिला. निळी शाई, तिचं अक्षर. मला उभ्या जागेवरून एवढंच वाचता आलं: 'पहिला धागा त्यानं'.

आईनं तो तुकडा उलटला. मागं कुणाचा तरी शुभविवाह होता. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"पद्माकर," ती पुस्तकी मराठीत म्हणाली, "ही वही तुला... काहून रे?"

पळायला हवं होतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मले रद्दी वाटली."

गाय चावत होती. आईनं त्या तुकड्यावरची लाळ बोटानं पुसली. मग म्हणाली, "माझंच चुकलं. वही रद्दीची केली, त रद्दीच दिसन." आणि तिनं पदरानं माझं नाक पुसलं. मी रडत होतो, आणि ते बैलासाठी आहे असं सगळ्यांना वाटलं. पोस्टमास्तरकाकांनी मला उत्तेजनार्थ कंपासपेटी दिली. ती मी उघडूनही पाहिली नाही, ताईला देऊन टाकली. ताईला वाटलं मी मोठ्या मनाचा आहे. असं माझ्याबद्दल लोकांना उगाच बरं वाटत गेलं आहे.

दोन दिवस आईची शाळा बंद होती. तिसऱ्या दिवशी घंगाळ वाजलं. आईनं नवी वही शिवली होती. दसऱ्याला महिनाभर राहिला होता आणि चार वर्षांचा अभ्यास गाईच्या पोटात. ती स्वतः पुन्हा जाऊन तेच प्रश्न विचारणार नव्हती. "त्यांना वाटेल, मी त्यांची उत्तरं हरवली. तो अपमान होईल." म्हणून मला जायचं होतं. चौघांकडं एकट्यानं जायचं, एकच प्रश्न विचारायचा, जो मला खरंच पडला असेल तो. "माझा नको. तुझा. आणि चौघांना तोच, म्हणजे तुलना बरोबर होईल."

मला तेव्हा एकच प्रश्न पडलेला होता.

पुजारीबुवा नारळ सोलत होते. मी विचारलं, "एका मुलानं आईची वस्तू मुद्दाम खराब केली, अन् चुकून झाली म्हनून सांगितलं, त देव काय करते?"

"कोनता मुलगा?"

"हाय एक. तुमी नाही ओळखत."

"त्याले म्हना अकरा प्रदक्षिणा घाल. अन् मंग घरी जाऊन आईले सांग." मी लगेच प्रदक्षिणा सुरू केल्या. सातव्या फेरीला बुवांनी विचारलं, "तू काहून घालून राहिला?" मी म्हणालो, "त्याचे पाय दुखतेत."

फादर हळू, जपून मराठी बोलायचे. त्यांनी मला बिस्किट दिलं आणि म्हणाले, "देव क्षमा करतो, बाळ. त्याच्याकडं क्षमा पुष्कळ आहे. पण आधी आईला सांगायचं." मी विचारलं, नाही सांगितलं तर? ते म्हणाले, "मग देवाला थांबावं लागेल." देवाला माझ्यामुळं थांबावं लागतं आहे, या विचारानं मला ते बिस्किट गिळेना. पण मी ते संपवलं.

मौलवीसाहेब नमाजाआधी हातपाय धुऊन, वजू करून येत होते. सगळं ऐकून त्यांनी माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला. "बेटा, अम्मी का दिल दुखाया तो माफी अम्मी से. ऊपरवाले का नंबर बाद में. जा, बोल दे." मी म्हणालो, मी नाही, दुसरा मुलगा आहे. ते म्हणाले, "हाँ हाँ, उसी को बोल रहा हूँ."

भंतेजींनी उत्तरच दिलं नाही. त्यांनी मला समोर डोळे मिटून बसवलं. बराच वेळ गेला. बाहेर कुणीतरी धान्य पाखडत होतं.

"काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

"गाय."

"अजून बस." पुन्हा बराच वेळ. "आता?"

"आई."

"मंग इथं काहून बसला, बाबू? घरी जा."

मी चारही उत्तरं वहीत सुवाच्य अक्षरात लिहिली. खोटं काही लिहिलं नाही, तेवढी हिंमत नव्हती. फक्त वर, जिथं प्रश्न लिहायचा, ती ओळ कोरी ठेवली. आणि वही आईला दिली.

आई मागाशेजारी बसून वाचत होती. माग चालू होता, खटक-खटक. तिनं एकेक उत्तर बोट ठेवून वाचलं. 'आईला सांग.' 'आधी आईला सांगायचं.' 'अम्मी को बोल दे.' 'घरी जा.' तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"प्रश्न कुठे आहे?" तिनं विचारलं.

"लिहायचा राहिला."

"चौघांचंही उत्तर एकच आहे, पद्माकर. चार वर्षांत असं कधी झालं नाही." ती माझ्याकडं पाहत होती. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "काय सांगाचं हाय तुले?"

नेमका तेव्हाच धागा तुटला. बाबांनी माग थांबवला. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "भूक लागली."

आईनं वही बाजूला ठेवली. मग उठली, भाकर आणली, शिरांची चटणी वाढली, वर तेल घातलं. मी जेवलो. माझ्यासमोर बसून तिनं पेन्सिल घेतली आणि चौघांनाही दहापैकी दहा दिले. असे गुण तिनं कधी कुणाला दिले नव्हते. खाली तिनं आणखी एक रेघ मारली, 'पद्माकर' असं लिहिलं आणि पुढची जागा मोकळी सोडली.

"आवो, बरोबरी झाली," ती बाबांना म्हणाली.

"मंग आता? चौघायलेही बसवतं का कोनाड्यात? माह्या चष्म्याले जागा ठेवजो."

दसऱ्याला तिनं कोनाड्यात नुसता एक दिवा लावला. वात मागाच्या तुटक्या धाग्यांची होती. मोठे काका उमरेडहून आले होते, ते दिव्याच्या मागं वाकून पाहायला लागले आणि म्हणाले, "अन् देव?" आई म्हणाली, "उजेड तरी झाला. बाकी अभ्यास चालू आहे." बाबा हसले, ताई हसली, काकाही हसले, आणि मीही त्यांच्याबरोबर हसलो. त्या हसण्याची मला लाज वाटते, वहीपेक्षाही जास्त. नंतर किती वेळा सांगायचं ठरवलं. मॅट्रिक झाल्यावर, नोकरी लागल्यावर, बाबा गेले त्या वर्षी. दरवेळी तोंड उघडलं आणि दुसरंच काहीतरी मागितलं: चहा, पाणी, एकदा तर अडकित्ता. मी सुपारी खात नाही.

म्हणून हे प्रकरण लिहिलं. ताई, आतापर्यंतचं तू तुझ्या नेहमीच्या आवाजात वाचलं असशील. आता जरा आईच्या उजव्या बाजूला बस आणि मोठ्यानं वाच, तिला डावीकडून ऐकू येत नाही.

आई, ती रद्दी नाही हे मला माहीत होतं. पुठ्ठ्यावरचं मी वाचलं होतं. वशिंड राहिलं होतं, म्हणून फाडली.